एक मशीन, ३८ मिनिटं: मॅटमॉसचा अल्बम ऐकायचा कसा?

२०१६च्या फेब्रुवारीत थ्रिल जॉकी या छोट्या अमेरिकन कंपनीने एक अल्बम काढला. अख्ख्या अल्बमात रचना एकच, लांबी ३८ मिनिटं, आणि त्यात ऐकू येणारा प्रत्येक आवाज एकाच वॉशिंग मशीनमधून काढलेला. ड्रम नाहीत, गिटार नाही, सिंथेसायझर नाही, गायक तर नाहीच. मशीन व्हर्लपूलचं, मॉडेलचं नाव ‘अल्टिमेट केअर टू’, आणि अल्बमचं नावही तेच. वाजवणारे दोघं, एम. सी. श्मिट आणि ड्रू डॅनियल. जोडीचं नाव मॅटमॉस.

हे ऐकल्यावर बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, लोकांना असले उद्योग करायला वेळ बरा मिळतो. हसण्यात काही गैर नाही. त्या दोघांनाही ते अपेक्षित असावं, कारण विनोद त्यांच्या कामात पहिल्यापासून आहे. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. हा आवाज मशीनचा आहे, हे आपल्याला सांगितलं नसतं तर या संगीतात काही उणं झालं असतं का? ‘नाही’ म्हणालात, तर मशीनची गोष्ट केवळ जाहिरातबाजी ठरते. ‘हो’ म्हणालात, तर मग संगीत कानाने ऐकायचं की माहितीने, हा जुना वाद अंगावर येतो. मॅटमॉसची सगळी गंमत या वादात आहे. तो नीट कळायला थोडा इतिहास आणि थोडं भौतिकशास्त्र लागतं, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आधी माणसांची ओळख. श्मिट आणि डॅनियल हे संगीतातले जोडीदार आणि आयुष्यातलेही. सुरुवात १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत झाली, पुढे २००७मध्ये दोघं बाल्टिमोरला गेले. डॅनियल तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवतो. एरवी शेक्सपिअरच्या काळातल्या साहित्यावर लिहिणारा हा प्राध्यापक घरी तळघरात पत्रा बडवत असतो. मॅटमॉस हे नाव १९६८च्या ‘बार्बरेला’ या विज्ञानपटातलं आहे. त्यात एका शहराच्या खाली दुष्टपणावर पोसलेलं एक उकळतं तळं असतं, त्याचं हे नाव. मोठ्या जगाला ही जोडी कळली ती २००१च्या सुमाराला, आइसलंडची गायिका ब्यर्क हिच्या ‘व्हेस्परटीन’ अल्बममुळे. त्यातले बारीक कुरकुरणारे ठेके घडवण्यात या दोघांचा हात होता.

असा एकाच कल्पनेभोवती बांधलेला अल्बम म्हणजे ‘कॉन्सेप्ट अल्बम’. तो कुठून आला ते पाहू. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी ही तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. जागा वाढली तसा मोहही वाढला: सुटी गाणी कशाला, सगळ्यांना एका धाग्यात का ओवू नये? फ्रँक सिनात्राने १९५५मध्ये एकटेपणाच्या एकाच रात्रीच्या मूडवर अख्खी एलपी केली. १९६७मध्ये बीटल्सनी आपण एक वेगळाच बँड आहोत असं सोंग घेऊन अल्बम केला. पुढे रॉकवाल्यांनी या कल्पनेचा इतका कीस पाडला, की कॉन्सेप्ट अल्बम म्हटलं की लांबलचक, अंमळ फुगीर असं काहीतरी डोळ्यांपुढे येऊ लागलं.

या बहुतेक अल्बमांत कल्पना शब्दांत असते. गाण्यांचे बोल एक गोष्ट सांगतात, संगीत तिला साथ करतं. शब्द नसलेल्या किंवा जेमतेम असलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतात काय करायचं? जर्मनीच्या क्राफ्टवेर्कने १९७४मध्ये ‘ऑटोबान’ केला. त्याची एक अख्खी बाजू म्हणजे महामार्गावरचा मोटारप्रवास. तिथे जवळून सुसाट जाणाऱ्या गाड्यांचा आवाज सिंथेसायझरवर काढलेला आहे, म्हणजे यंत्राने दुसऱ्या यंत्राची केलेली नक्कल. मॅटमॉसने नक्कल सोडली आणि वस्तूच उचलून आणली. त्यांच्या अल्बमांतली कल्पना विषयात असते त्याहून जास्त नियमात असते. अमुक एकाच वस्तूचे आवाज घ्यायचे, बाहेरचं काही घ्यायचं नाही. एकदा नियम ठरला की मोडायचा नाही, मग कितीही अडचण होवो.

या नियमाचं मूळ शोधायला पॅरिसला जावं लागतं. फ्रेंच रेडिओत पिएर शेफेर नावाचा एक अभियंता होता. १९४८मध्ये तो ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन बातिन्योल स्थानकावर गेला आणि त्याने वाफेच्या इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांच्या सांध्यांवरची खडखड तबकड्यांवर नोंदवली. टेप अजून त्याच्या हाती आलेली नव्हती. एखादा तुकडा सतत फिरत ठेवायचा तर तो तबकडीवरची खाच गोल मिटवून टाकायचा. सुई त्याच वर्तुळात अडकायची आणि आवाज पुन्हा पुन्हा वाजायचा. आज संगणकावर ज्याला ‘लूप’ म्हणतात त्याचा हा आजोबा. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला फ्रेंच रेडिओवर त्याच्या अशा पाच रचना प्रसारित झाल्या, त्या कार्यक्रमाचं नाव ‘आवाजांची मैफल’. आगगाडीची रचना त्यातलीच, तीन मिनिटांच्या आतबाहेरची. या पद्धतीला पुढे ‘म्युझिक काँक्रेट’ हे नाव पडलं. स्वरलिपीतल्या कल्पनेपासून सुरुवात न करता हाती असलेल्या प्रत्यक्ष आवाजापासून सुरुवात करायची, हा त्याचा अर्थ.

शेफेरला मात्र एक गोष्ट सलत होती. लोक त्याची रचना ऐकायचे आणि म्हणायचे, ‘अरे, ही तर आगगाडी!’ आगगाडी ओळखू आली की त्याच्या लेखी संगीत संपलं. त्याला लोकांनी ऐकायला हवा होता तो आवाजाचा पोत, त्याचा चढउतार, त्याचं वजन. तो कशातून निघाला याच्याशी ऐकणाऱ्याला देणंघेणं नसावं. पायथागोरस पडद्याआड बसून शिकवायचा, म्हणजे शिष्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे न जाता शब्दांकडेच जाईल, अशी एक आख्यायिका आहे. शेफेरने तिचा आधार घेतला. लाउडस्पीकर हाच आपला पडदा, त्याच्याआड काय आहे ते विसरा आणि फक्त ऐका. १९६६मध्ये त्याने या ऐकण्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि उतारवयातल्या एका मुलाखतीत याच माणसाने कबूल केलं, की सा-रे-गच्या बाहेर संगीत शोधण्यात आपली चाळीस वर्षं वाया गेली. मला हा माणूस फार आवडतो. स्वतः उभारलेल्या इमारतीला पायापासून हलवणारे लोक कमी असतात.

मॅटमॉस शेफेरची सगळी हत्यारं वापरतात आणि त्याचा सल्ला मात्र नेमका उलटा करतात. पडदा बाजूला सारतात आणि म्हणतात, बघा, आत मशीन आहे. अल्बमच्या नावातच मशीन. मैफलींतही त्यांनी मशीन रंगमंचावर आणून चालू केलं. ऐकणाऱ्याने विसरू नये अशीच सगळी व्यवस्था. त्यामुळे कानांत दोन गोष्टी एकदम चालू राहतात. एक मन म्हणतं, काय छान ठेका आहे. दुसरं म्हणतं, पण हे पाणी भरतंय ना? या दोन मनांची ओढाताण चालू असते तोवर अल्बम जिवंत वाटतो. ती सुटते तिथे तो ढिला पडतो.

आता तळघरात जाऊ. वॉशिंग मशीनमध्ये संगीतासाठी लागणारा कच्चा माल कितीसा असतो? वाटतो त्यापेक्षा बराच.

पहिला माल म्हणजे पत्रा. मशीन ही शेवटी पत्र्याची एक मोठी पोकळ पेटी. तिच्या मध्यभागी टिचकी मारली तर घुमारा येतो, कडेला मारली तर आखूड आणि टणक आवाज, झाकण आपटलं तर धाडकन. एवढ्यात ड्रमचा संच तयार होतो. दोघांनी हे मशीन हातांनी बडवलं, घासलं, कुरवाळलं, त्यावर बोटं फिरवली. बाल्टिमोरमधल्या मित्रांनाही बोलावलं. त्यात डॅन डीकन हा तिथला नावाजलेला इलेक्ट्रॉनिक संगीतकार होता, आणि हॉर्स लॉर्ड्स या बँडमधले दोघे होते. वाद्यं आणायची नाहीत, मशीनच वाजवायचं, ही अट पाहुण्यांनाही लागू.

दुसरा माल पाणी. स्वर किती उंच ते ठरतं कंप्रतेवर, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर. पाण्याच्या सळसळीत सगळ्या कंप्रता एकदम मिसळलेल्या असतात, म्हणून तिच्यात स्वर असा सापडत नाही. पण हा तोटा फायद्याचाही आहे, कारण सगळंच आत असेल तर हवं ते बाहेर काढता येतं. ध्वनितंत्रात ‘फिल्टर’ असतो, त्याचं काम चाळणीचं. ठरलेल्या पट्ट्यातल्या कंप्रता राहू द्यायच्या, बाकीच्या अडवायच्या. पट्टा अरुंद करत नेला की सळसळीतून हळूहळू शीळ उमटू लागते. पट्टा वरखाली सरकवला की ती शीळ सूर बदलते. म्हणजे नळाच्या पाण्यातून धून काढता येते, आणि त्यासाठी बाहेरून एकही स्वर मिसळावा लागत नाही.

तिसरा माल गुंजन, आणि इथे आपल्याकडच्या पेटीवाल्यांना मजा वाटेल. विजेवर चालणारी मोटर गुणगुणते. कोणत्या सुरात, ते घरात येणाऱ्या विजेवर ठरतं. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० वेळा दिशाचक्र पूर्ण करतो, भारतात ५० वेळा. त्यामुळे तिथली गुंजन ६० हर्ट्‌झ किंवा त्याच्या दुप्पट १२०वर, आपली ५० किंवा १००वर. दुप्पट कंप्रता म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात, हे आपल्याला ठाऊकच आहे. आता पेटीच्या पट्ट्यांवर मोजा. आपली विजेची गुंजन खालच्या सप्तकांतल्या पांढरी पाचच्या जरा वर पडते, म्हणजे कानाला किंचित चढी पांढरी पाच. अमेरिकेतली पडते काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध, कोणत्याच पट्टीत न बसणारी. ठाण्यातल्या मशीनशी सूर जुळवून एक वेळ गाता येईल. बाल्टिमोरमधल्या मशीनशी जुळवायचं तर तानपुराच हलवावा लागेल.

अर्थात संगणक असताना अडत नाही. नोंदवलेला आवाज दुप्पट वेगाने वाजवला की तो एक सप्तक वर जातो, निम्म्या वेगाने वाजवला की एक सप्तक खाली. मधले सगळे स्वर मधल्या वेगांनी मिळतात. ‘सॅम्पलर’ नावाचं यंत्र हेच करतं. एक नोंदवलेला तुकडा सगळ्या पट्ट्यांवर पसरवतं, प्रत्येक पट्टीवर वेगळ्या वेगाने. झाकणाच्या चुळबुळीचा एक तुकडा घ्या, पट्ट्यांवर पसरवा, आणि वाजवा त्यावर हवी ती धून. आवाज ओळखू येणार नाही इतका बदलेल, पण नियम मोडणार नाही.

चौथा माल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे फिरणं. लय आणि स्वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या एकाच पट्ट्याची दोन टोकं आहेत. सेकंदाला दोन ठोके पडले तर तो ठेका. पाच पडले तर द्रुत ठेका. दहा पडले तर नुसती थरथर. साधारण वीसच्या पुढे गेलं की कानाला ठोके सुटे ओळखता येत नाहीत, ते चिकटतात आणि त्यांचा एक जाड खालचा स्वर होतो. ठोके वाढवत नेले की स्वर चढत जातो. आता कपडे पिळायला लागलेलं मशीन आठवा. टोपली आधी संथ फिरते, ठक… ठक… ठक, मग वेग घेते, ठोके एकमेकांत शिरतात, घरघर होते, घरघरीचा हुंकार होतो आणि हुंकार चढत जातो. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला दहा, म्हणजे अजून थरथरच. फेऱ्याला एकापेक्षा जास्त खटके असले की तेवढ्यातच स्वर लागतो. हा लयीकडून स्वराकडे जाणारा प्रवास इलेक्ट्रॉनिक संगीतकार मुद्दाम घडवतात आणि त्यावर व्याख्यानं देतात. मशीन तो प्रत्येक धुण्याच्या शेवटी फुकट ऐकवतं.

जाता जाता एक फरक. अल्टिमेट केअर हे वरून कपडे टाकायचं जुन्या अमेरिकन धाटणीचं मशीन. त्याच्या मधोमध उभा दांडा असतो, तो डावीकडे-उजवीकडे हिसके देत कपडे घुसळतो. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये असा दांडा नसतो, तळाशी पसरट चकती फिरते. दांड्याच्या हिसक्यांना एक ठाशीव दोन मात्रांची चाल असते, घुस-घुस, घुस-घुस. हा ठेका मशीनने स्वतःहून दिलेला आहे, कुणी बसवलेला नाही. समोरून कपडे घालायच्या मशीनवर हा अल्बम असा झाला नसता.

माल झाला, आता रचना. बोल नाहीत, राग नाही, मुखडा-अंतरा नाही, तर ३८ मिनिटं उभी कशावर करायची? दोघांनी सोपं उत्तर शोधलं आणि मला वाटतं हीच या अल्बममधली खरी अक्कलहुशारी आहे. रचनेचा आराखडा मशीनकडूनच घेतला. सुरुवातीला कपडे किती आहेत ते निवडायचं चक्र फिरवल्याची करकर. मग पाणी भरतं. घुसळण सुरू होते, पाणी निघून जातं, पुन्हा भरतं, खळबळतं, पिळणं होतं, आणि शेवटी धुणं झाल्याची सूचना देणारा कर्कश आवाज. बस, संपलं. कोणताही संगीतकार ‘थांबायचं कुठे’ या प्रश्नाने पछाडलेला असतो. इथे थांबायची जागा व्हर्लपूलच्या अभियंत्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवली आहे.

पण मशीन लावून समोर माइक ठेवला आणि झालं, असं मात्र नाही. तसं असतं तर मिनिटाभरात कंटाळून आपण उठलो असतो. मूळ आवाज अधूनमधून जसाच्या तसा समोर येतो, आपल्याला भान देतो की आपण धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहोत, आणि पुन्हा मागे सरकतो. मधल्या जागेत त्याच आवाजांची केलेली संगीताची बांधणी असते. कुठे हातांनी बडवलेल्या पत्र्यांची दाटी, कुठे टेक्नोच्या जवळ जाणारी नाचरी लय, कुठे लांबवत नेलेली गुंजन, तर कुठे नुसताच कल्लोळ. माझ्या मते पहिला तृतीयांश सर्वांत सरस आहे, कारण तिथे मशीन आणि संगीत एकमेकांना सारखे ओलांडत असतात. मधला भाग रेंगाळतो. तिथे आवाजांवर इतकी प्रक्रिया झाली आहे, की ते कुठल्याही इलेक्ट्रॉनिक अल्बममधले वाटतात. नियम पाळलेला असतो, पण कानाला तो जाणवत नाही. मघाची ओढाताण सुटते ती नेमकी इथे. शेवटी पिळणं सुरू होतं तेव्हा ती परत ताणली जाते, कारण वेग घेणारं मशीन कितीही सजवलं तरी लपत नाही.

आणखी एक तक्रार आहे. धुणं हे काम आहे, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं याला जगभर मोठा इतिहास आहे. या अल्बममध्ये मशीनच्या आवाजाकडे जितकं बारीक लक्ष आहे, तितकं त्या कामाकडे नाही. कपडे टाकणारा हात, वाळत घालणारा हात, डाग घासणारा हात रचनेत कुठेच येत नाही. चक्र फिरवलं की मशीन बघून घेतं. एवढा घरगुती विषय घेऊन घरातलं माणूस बाहेर ठेवणं मला जरा खटकतं.

हीच जोडी माणसाला आत आणते तेव्हा काय होतं, ते पाहायला १५ वर्षं मागे जावं लागतं. २००१मध्ये मॅटडोर कंपनीकडून त्यांचा ‘अ चान्स टू कट इज अ चान्स टू क्युअर’ आला. त्याचा नियम असा, की आवाज वैद्यकीय कामांमधले घ्यायचे. लिपोसक्शनमध्ये चरबी ओढून घेणारी नळी, नाकाच्या प्लास्टिक सर्जरीतली हत्यारं, डोळ्यांवरचं लेझर, श्रवणचाचणीत रुग्णाकडून वदवून घेतात ते शब्द, माणसाची कवटी. आणि हे सगळं कशासाठी? तर लचकदार, हलक्याफुलक्या नाचाच्या संगीतासाठी. पाय ठेका धरतात आणि मग वेष्टनावरची माहिती वाचून थबकतात: आपण आत्ता ज्या ओल्या चुरुचुरु आवाजावर डुलत होतो ती कुणाची तरी चरबी होती! इथे माहिती ऐकण्याला चिकटते ती सुटतच नाही. वॉशिंग मशीनबद्दल विसरायला होतं, याबद्दल होत नाही.

त्याच अल्बममध्ये एक तुकडा अगदी वेगळ्या जातीचा आहे. त्यांचा फेलिक्स नावाचा पाळीव उंदीर होता. तो गेल्यावर त्याच्या पिंजऱ्याच्या तारा छेडून आणि त्यांवर गज फिरवून दोघांनी एक रचना केली. व्हायोलिनसारखा पण पोकळ, थोडा गंजका आवाज. त्यात विनोद नाही, हुशारी नाही. पिंजऱ्यातून दुःखाचं संगीत निघेल असं आधी सांगितलं तर पटणार नाही, ऐकल्यावर पटतं.

या दोघांनी नियमांचे प्रयोग बरेच केले, सगळेच काही साधलेले नाहीत. २००८च्या ‘सुप्रीम बलून’मध्ये माइक अजिबात वापरायचा नाही असं ठरवलं, म्हणजे स्वतःच्या सवयीवरच बंदी. फक्त सिंथेसायझर. अल्बम गोड आहे, पण तो आणखी कुणीही केला असता. २०१३च्या ‘द मॅरेज ऑफ ट्रू माइंड्स’मध्ये त्यांनी टेलिपथीचा जुना प्रयोग उचलला. लोकांच्या डोळ्यांवर टेबल टेनिसच्या चेंडूचे अर्धे भाग बसवले, कानांत एकसुरी सळसळ सोडली, आणि डॅनियलने मनातल्या मनात नव्या अल्बमची कल्पना त्यांच्याकडे ‘पाठवायचा’ प्रयत्न केला. समोरच्या माणसाला जे दिसलं, ऐकू आलं ते त्याने सांगायचं, आणि त्या वर्णनांवरून संगीत रचायचं. गोष्ट म्हणून बहारदार. पण गोष्ट सांगून संपल्यावर गाण्यांकडे परत जावंसं मला फारसं वाटत नाही. कल्पना कानापर्यंत पोहोचली नाही की असं होतं.

उलट २०१९चा ‘प्लॅस्टिक अ‍ॅनिव्हर्सरी’ कानापर्यंत पोहोचतो. दोघांच्या सहजीवनाला २५ वर्षं झाली तेव्हा केलेला हा अल्बम. नियम: फक्त प्लॅस्टिक. पीव्हीसीचे पाइप, बबल रॅपचे फुगे, शरीरात बसवायचे सिलिकॉनचे रोपण, पोलिसांची दंगलीतली ढाल. बराचसा भाग उत्साही, फटाक्यांच्या माळेसारखा तडतडणारा आहे. शेवटी ‘प्लॅस्टिस्फिअर’ हा तुकडा लागतो आणि सगळं बदलतं. रातकिड्यांची किरकिर, पाण्याची लाट, झाडीतली कुजबुज, असं वाटतं की कुणीतरी जंगलात माइक ठेवला आहे. त्यात जंगलातलं काहीही नाही, सगळं प्लॅस्टिक. समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या कणांवर सूक्ष्मजीवांनी जी वसाहत केली आहे तिला शास्त्रज्ञ याच नावाने ओळखतात. इथे आपण आवाजाचं मूळ विसरतो तेव्हाच कल्पना डंख मारते. निसर्ग समजून आपण निवांत ऐकत बसलो, आणि तो निसर्ग कारखान्यातून आलेला निघाला. शेफेरचा सल्ला पाळूनही आणि मोडूनही एकाच वेळी काम फत्ते, असा हा तुकडा. मॅटमॉसचं एकच काही ऐकायचं असेल तर मी वॉशिंग मशीन मागे ठेवून हेच पुढे करीन.

पण मशीनचा अल्बम ऐकायचाच असेल तर एक-दोन व्यवहारी सूचना. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ६० हर्ट्‌झची गुंजन त्या इवल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही आणि अल्बमचा निम्मा देह गायब होतो. चांगले हेडफोन किंवा जरा मोठे स्पीकर हवेत. दुसरं, तुकड्या-तुकड्याने ऐकू नका. इथे आराखडाच एका धुण्याचा आहे, मध्येच बंद केलं तर कपडे साबणाच्या पाण्यातच राहिले म्हणायचे.

आणि घरच्या मशीनवर प्रयोग करून पाहायची इच्छा झाली तर नोंद पिळण्याच्या सुरुवातीची करा, घुसळण्याची नको. ठोक्यांचा स्वर होताना तिथेच पकडता येतो. फोन मशीनच्या झाकणावर ठेवायचा मोह होईल, कारण पत्र्यातून येणारा घुमारा तिथे छान मिळतो. पण कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन थयथय नाचायला लागतं, आणि फोन आधी खाली येतो.